'फ्लँडर्सची घोडी': ॲन ऑफ क्लीव्ह्ज खरंच कुरूप होती का?

नीलपंख (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण लेकीने धागा काढायची वेळ आणली.

आम्ही इंग्लंडमध्ये, केंटला राहतो. लेक नऊ वर्षांची. शाळेत सध्या ट्यूडर राजांचा काळ चालू आहे आणि टर्म संपताना आठव्या हेन्रीच्या सहा बायकांवर छोटंसं नाटक बसवतायत. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या. ॲन बोलीन व्हायला सगळ्या एका पायावर तयार (मुंडकं उडतं ना तिचं!). आमच्या चिठ्ठीत निघाली चौथी, ॲन ऑफ क्लीव्ह्ज. पोरगी घरी आली ती दप्तर भिरकावून रडायलाच बसली. "मला कुरूपवाली मिळाली!"

समजूत घालायची म्हणून वाचायला घेतलं आणि माझंच डोकं फिरलं. मलाही एवढंच ठाऊक होतं की हेन्रीने चित्र पाहून होकार दिला, प्रत्यक्षात बाई घोडीसारखी निघाली, म्हणून सहा महिन्यांत तिला वाटेला लावलं. पण जिला 'फ्लँडर्सची घोडी' म्हणतात ती फ्लँडर्सची नव्हतीच. क्लीव्ह्ज म्हणजे क्लेव्ह, हे ऱ्हाइनकाठचं संस्थान, आज जर्मनीत आहे. आणि ही शिवी हेन्रीच्या तोंडी घातली गिल्बर्ट बर्नेट या पाद्रीबुवांनी, आपल्या इतिहासग्रंथात. बुवा जन्मले १६४३ साली. लग्न लागलं १५४० मध्ये. शंभर वर्षांनी जन्मलेल्या माणसाला हेन्री काय म्हणाला ते ऐकू आलं कुठून?

तिला प्रत्यक्ष पाहिलेला फ्रेंच राजदूत मारियाक लिहितो ते असं: उंच, सडपातळ, रूपाने मध्यम, चेहऱ्यावर निर्धार. मध्यम! आपण बहुतेक सगळे मध्यमच असतो की.

तर प्रश्न असा, की ही बाई खरंच कुरूप होती, की एका राजाच्या दुखावलेल्या अहंकाराचं खापर पाचशे वर्षं होत आली तरी तिच्याच नाकाडोळ्यांवर फुटतंय?

मीठभाकर

पहिला! खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

खादाड_बोका

फोटो पाहून होकार, प्रत्यक्ष पाहून नकार. पोहे खाऊन "कळवतो" म्हणणारे फक्त आपल्याकडेच नाहीत तर.

नीलपंख

@बोका, "कळवतो" म्हणायची सोय असती तर बिचारी सुटली असती. १५३९ च्या ऑक्टोबरात करार झाला, मग भर हिवाळ्यात लवाजमा घेऊन निघाली. ११ डिसेंबरला फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅलेला पोचली आणि वादळामुळे दोन आठवडे तिथेच अडकली. समुद्र ओलांडून २७ तारखेला केंटच्या किनाऱ्यावर, डीलला उतरली. आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही ते. परत कशी पाठवणार तिला?

जुनापुराणा

चांगला विषय. रूपाचा मुद्दा बाजूला ठेवून आधी हे लग्न ठरलं का ते बघा.

१५३८ मध्ये फ्रान्सचा राजा फ्रान्सिस आणि पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात तह झाला. दोन हाडवैरी एक झाले आणि पोपशी काडीमोड घेतलेला हेन्री मधे एकटा पडला. इंग्लंडवर स्वारी होणार या भीतीने त्याने दक्षिण किनाऱ्यावर किल्ले बांधायला घेतले; डीलचा किल्ला त्यातलाच. अशा वेळी त्याचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल याने क्लेव्हचं स्थळ पुढे केलं. ॲनची थोरली बहीण सॅक्सनीच्या इलेक्टरला, म्हणजे प्रोटेस्टंट आघाडीच्या म्होरक्याला दिलेली. भाऊ विल्यम नुकताच गादीवर बसलेला, आणि गेल्डर्स प्रांतावरून त्याचं सम्राटाशी वाजलेलं. शत्रूचा शत्रू तो आपला सोयरा, हा सरळ हिशेब.

पण १५४० उजाडलं आणि फ्रान्स व सम्राट यांच्यात पुन्हा कुरबुरी दिसू लागल्या. स्वारीची भीती ओसरली. उरलं काय, तर मेहुण्याच्या गेल्डर्सपायी सम्राटाशी लढाई अंगावर यायची धास्ती. आणि ती धास्ती खोटी नव्हती. १५४३ मध्ये सम्राटाने विल्यमला चांगलाच झोपवला आणि गेल्डर्स काढून घेतलं.

थोडक्यात, सोयरीक नकोशी झाली. राजा "माझं राजकारण चुकलं" म्हणत नसतो. "मुलगीच बरी नव्हती" म्हणणं सोपं.

शंकासुर

जुनापुराणा, मांडणी नेहमीप्रमाणे घोटीव, पण तारखा जुळत नाहीत. हेन्रीने नाक मुरडलं १ जानेवारी १५४० ला, पहिल्याच भेटीत. बाहेर पडल्या पडल्या "मला ती आवडली नाही" म्हणाला. फ्रान्स आणि सम्राट तेव्हा एकमेकांच्या गळ्यात गळे घालून होते, सम्राट तर त्याच दिवसांत फ्रान्सचा पाहुणचार झोडत होता. राजकारण फिरलं ते नंतर. ६ जानेवारीला ग्रिनिचला लग्न लागलं त्या दिवशी हेन्री म्हणाला, की जगाचं आणि राज्याचं समाधान करायचं नसतं तर आजचं काम मी कशासाठीही केलं नसतं. नावड खरी होती. ती नावड वाजवी होती का, हा प्रश्न वेगळा.

जुनापुराणा

@शंकासुर, हे मान्य. नावड आधीची, राजकारणाने तिला दार उघडून दिलं असं म्हणतो.

सुईदोरा

त्या १ जानेवारीला झालं काय ते कुणी नीट सांगणार आहे की नाही? सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

ॲन रोचेस्टरला मुक्कामी होती. खिडकीतून खाली चाललेला बैलाचा खेळ बघत होती (बैल बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे, त्या काळची करमणूक). इतक्यात चार-पाच माणसं झगे पांघरून खोलीत शिरली. त्यातला एक जाडजूड, पन्नाशीला टेकलेला माणूस पुढे आला, राजाने भेट पाठवली आहे म्हणाला आणि तिला मिठी मारून मुकाच घेतला. ही गांगरली. भाषा येईना, माणूस ओळखीचा नाही. जुजबी काहीतरी बोलून पुन्हा खिडकीकडे वळली.

तो हेन्री होता. वेष पालटून भावी पत्नीला चकित करायचं आणि खऱ्या प्रेमाने तिने आपल्याला ओळखायचं, असला दरबारी प्रेमकथांचा खुळचटपणा त्याच्या डोक्यात. विशीत तो देखणा होता तेव्हा सगळे मुद्दाम "अय्या, महाराज तुम्ही!" करायचे. इथे ४८ वर्षांचा, पायाला न भरणारी जखम, १५४० सालच्या चिलखतावरून कंबर ५० इंचांच्या आसपास. आणि समोरची २४ वर्षांची मुलगी त्याच्यापेक्षा बैलाकडे जास्त बघतेय. मग आत जाऊन जांभळा मखमली कोट चढवून आला, सगळे मुजरे करू लागले, तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि तीही वाकली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिच्यासाठी आणलेली समूराची (उंची मऊ फरची) भेटसुद्धा त्याने स्वतः दिली नाही, दुसऱ्या दिवशी माणसाच्या हाती पाठवली.

त्या खोलीत कुरूप कोण ठरलं असेल? तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःचं रूप दिसलं आणि त्याचा राग त्याने तिच्या रूपावर काढला, असं माझं स्पष्ट मत.

मीठभाकर

"त्याच्यापेक्षा बैलाकडे जास्त बघतेय" __/\__

वऱ्हाडी_वांगं

अनोळखी मानूस घरात घुसून पोरीचा मुका घेते अन् नापास होते ते पोरगी? वा रे राजा!

शंकासुर

सुईदोरा, प्रसंग रंगवलाय झकास. पण होल्बाइनच्या चित्राचं काय? चित्रकाराने थापा मारल्या म्हणून हेन्री फसला, हीच मूळ तक्रार ना?

सुईदोरा

ती तक्रार हेन्रीने केलेली दिसतच नाही! होल्बाइन १५३९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या ड्यूरेनला गेला, ॲन आणि धाकटी बहीण अमालिया दोघींची चित्रं काढली. हेन्रीचाच राजदूत निकोलस वॉटन याने दाखला दिला की चित्रं हुबेहूब आहेत. लग्न फिसकटल्यावर क्रॉमवेलचं डोकं उडालं, होल्बाइनचा पगार मात्र चालू राहिला. १५४३ मध्ये मेला तो लंडनमध्येच. राजाला फसवलं असतं तर हेन्रीने सोडला असता होय त्याला?

चित्र लूव्रमध्ये आहे. एकदम समोरून काढलंय, हात जुळवलेले, पापण्या किंचित जड. नाक जसं आहे तसं समोरून दिसत नाही हे मात्र कबूल.

अवांतर: वॉटनने आणखी लिहिलंय की ही बाई बहुतेक वेळ सुईकामात घालवते, फ्रेंच-लॅटिन येत नाही, गाता-वाजवता येत नाही, कारण तिकडे थोरामोठ्यांच्या लेकींनी गाणं-विद्या शिकणं थिल्लर समजतात. माझ्या आयडीमुळे मी तिच्या बाजूने आहे हे उघडच आहे.

आजीचा_बटवा

हे वाचून जीव तुटला. माहेरी जे गुण म्हणून शिकवलं तेच सासरी अवगुण ठरलं. हेन्रीला बायको हवी होती गाणारी, वाजवणारी, पत्ते खेळणारी. हिला शिकवलं खाली मान घालून भरतकाम करायला.

नीलपंख

आजी, पत्ते ती शिकली! कॅलेला वारा पडायची वाट बघत बसली होती तेव्हा तिने अर्ल ऑफ साउदॅम्प्टनला सांगितलं, राजाला आवडणारा एखादा डाव मला शिकवा. दोन आठवड्यांत पत्त्यांचा डाव शिकून घेतला. नवऱ्याची आवड माहीत नाही, भाषा येत नाही, तरी धडपड बघा. हे लेकीला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

घोडेस्वार

धाग्याच्या नावात घोडी असल्याने आलो. फ्लँडर्सच्या घोड्या म्हणजे थोराड, दणकट, ओढकामाला पक्क्या. त्या काळी इंग्लंडात चांगली जनावरं कमी पडत होती, म्हणून याच हेन्रीने १५३५ मध्ये कायदा केला: ज्यांच्याकडे शिकारीची राखीव कुरणं आहेत त्यांनी किमान १३ हँड, म्हणजे ५२ इंच उंचीच्या घोड्या पैदाशीसाठी पाळायच्या. स्वतः असला कायदा करणारा माणूस चांगल्या जातिवंत घोडीचं नाव शिवी म्हणून कसं घेईल?

बाकी बाईबद्दल मला काही माहीत नाही.

खादाड_बोका

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

वाटसरू

एक किस्सा राहिला. ॲन इतकी भोळी होती की नवराबायकोत काय असतं हेही तिला ठाऊक नव्हतं, असं सर्रास सांगतात. तीन सरदारपत्नींनी तिला विचारलं, तर म्हणे ती म्हणाली, राजे रात्री माझा मुका घेतात, हात हातात घेऊन "शुभ रात्री" म्हणतात, सकाळी पुन्हा मुका घेऊन निरोप घेतात, एवढं पुरे नाही का? त्यावर एकजण म्हणाली, बाईसाहेब, याहून जास्त काही लागतं, नाहीतर गादीला वारस मिळायचा नाही.

हा संवाद कुठे सापडतो? विवाह रद्द करायच्या चौकशीत दिलेल्या जबानीत. विवाह पूर्ण झाला नाही हेच ज्या कागदांना सिद्ध करायचं होतं, त्याच कागदात. जिचं इंग्रजी जेमतेम होतं ती इतकं घोटून बोलली असेल?

शंकासुर

इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. आणखी गंमत बघा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हेन्री क्रॉमवेलला म्हणतो, आधीच आवडत नव्हती, आता तर त्याहून आवडत नाही, आणि शरीरावरून ती कुमारिकाही वाटत नाही. पुढे जुलैत तोच हेन्री म्हणतो, मी तिला हात लावला नाही, आली तशीच आहे. आणि दोष आपल्यात नाही हे ठसवायला राजवैद्य डॉ. बट्स यांना सांगतो की झोपेत दोनदा माझं... असो, लहान मुलं वाचत असतील. राजाची मर्दानगी राजवैद्याच्या दाखल्यावर, राणीची बदनामी नुसत्या तोंडी.

आणि यातलं पुष्कळसं आपल्याला समजतं ते क्रॉमवेलने लंडन टॉवरच्या कोठडीतून ३० जूनला लिहिलेल्या पत्रातून. शेवटी तीनदा दया, दया, दया म्हणून राजाचे पाय धरलेत. मृत्युदंडाच्या छायेतला माणूस राजाला हवं तेच लिहिणार.

पुणेरी_पगडी

आपल्याकडे आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला असं सांगतात तसंच हे. बाईचं अक्षर, बाईचं रूप, बाईचं डोकं, कुठेतरी दोष चिकटवला की पुरुषांची कारस्थानं...

मीठभाकर

झालं! शनिवारवाडा आला. आता २०० प्रतिसाद पक्के.

जुनापुराणा

पगडी, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला. इथे नको.

पुणेरी_पगडी

काढतो. पुण्यात भांडायला तारीख लागत नाही.

रोखठोक

सगळं वाचलं. आता थोडं उलट बोलतो. आधी तिला घोडी केलं, आता तुम्ही सगळे मिळून तिला चाणक्य करताय. "हुशारीने घटस्फोट पदरात पाडून घेतला, डोकं वाचवलं, पैसा मिळवला" वगैरे. अहो, तिच्यापुढे पर्याय काय होते? आधीच्या तिघींपैकी एक हाकलून दिलेली, एकीचं मुंडकं उडालेलं, एक बाळंतपणात गेलेली. परक्या मुलुखात एकटी, चहूकडे राजाची माणसं. माहेर एवढं दूर, तेही युद्धाच्या तोंडावर. जीव मुठीत धरून सही केली, त्याला मुत्सद्देगिरी म्हणू नका.

नीलपंख

रोखठोक, मुद्दा पटला, पण निम्माच. घाबरली असेलच. पण घाबरलेल्या माणसालाही अक्कल असते. २४ जूनला तिला "हवा चांगली आहे" म्हणून रिचमंडला धाडलं. पुढे दोन आठवड्यांत चौकशी, धर्मसभा, आणि ९ जुलैला विवाह रद्द. कारणं तीन: लहानपणी लॉरेनच्या राजपुत्राशी ठरलेली सोयरीक, राजाची मनापासून संमती नव्हती हे, आणि शरीरसंबंध झाला नाही हे. तिने भांडण केलं नाही. हेन्रीला पत्र लिहिलं, खाली सही 'क्लेव्हची कन्या ॲन'. राणी नाही, कन्या. लग्नाची अंगठी परत पाठवली आणि सांगितलं, आता हिला काही मोल नाही, मोडून टाका. त्या अंगठीवर "देवा, मला नीट राखण्याचं बळ दे" अशा अर्थाचा मजकूर कोरला होता. हेन्रीची पहिली बायको कॅथरीन सात वर्षं लढली आणि ओलसर वाड्यांतून झिजून मेली, हे हिने ऐकलं नसेल?

मोबदल्यात रिचमंडचा राजवाडा, ससेक्समध्ये लुइसचं घर, वर्षाला काही हजार पौंड उत्पन्न, 'राजाची प्रिय भगिनी' हा किताब, आणि राणी व राजकन्या सोडल्या तर देशातल्या सगळ्या बायकांच्या पुढचा मान. आणि हीवर कॅसल! ॲन बोलीनचं माहेर. नवऱ्याने जिचं डोकं उडवलं तिचं घर चौथीला पोटगीत. आम्ही मागच्या उन्हाळ्यात तिथे गेलो होतो, तेव्हा मला हे माहीतही नव्हतं. आइस्क्रीम खाऊन परत आलो.

रोखठोक

अंगठीचं माहीत नव्हतं. "मोडून टाका" हे घाबरलेल्या बाईचं वाक्य वाटत नाही, मान्य.

आजीचा_बटवा

मला तिचं सवतीशी वागणं फार आवडतं. कॅथरीन हॉवर्ड तिच्याच दरबारातली पोर. क्रॉमवेलला मारलं त्याच दिवशी, २८ जुलैला हेन्रीने तिच्याशी लग्न लावलं. १५४१ च्या नव्या वर्षाला ॲन हॅम्प्टन कोर्टला गेली, जांभळ्या मखमलीच्या झुली घातलेले दोन घोडे भेट घेऊन. कालपर्यंत आपली दासी असलेल्या मुलीपुढे गुडघे टेकले. हेन्री लवकर झोपायला गेला आणि या दोघी एकमेकींबरोबर नाचल्या. पुढच्या वर्षी त्या पोरीचंही डोकं गेलं.

घोडेस्वार

दोन घोडे भेट दिले? मी या बाईच्या पार्टीत.

वाटसरू

सुखाने राहिली हेही जरा जपून म्हणा. १५४७ मध्ये हेन्री गेला आणि लहानग्या एडवर्डच्या कारभाऱ्यांना ही पेन्शनर जड झाली. वाडे बदलून घेतले, पैसे थकवले. इथे सगळं किती महाग आहे, घर कसं चालवू, अशी पत्रं भावाला लिहायची. तरी १५५३ मध्ये सावत्र लेक मेरी राणी झाली तेव्हा मिरवणुकीत एलिझाबेथच्या शेजारी, एकाच गाडीत बसून होती. १६ जुलै १५५७ ला चेल्सीत वारली, वय ४१. सहावी कॅथरीन पार १५४८ मध्येच गेलेली. सगळ्यांच्या मागे राहिली ती हीच. मृत्युपत्रात नोकरचाकरांना आठवणीने वाटणी केली. वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलेली हेन्रीची एकमेव बायको. थडगं वेदीच्या बाजूला असं दडलंय की मी दोनदा जाऊनही चुकलो.

शंकासुर

मूळ प्रश्नावर येऊ का? ती कशी दिसायची? मारियाकचं 'मध्यम' धरून चला. तो ना तिच्या बाजूचा, ना विरुद्धचा. दिसण्याबद्दल वाईट बोलणारे सगळे एक तर हेन्री, नाहीतर हेन्रीचे पगारी. उरलेला बर्नेट.

मीठभाकर

नीलपंख, नाटकाचं काय झालं? इतकं वाचायला लावलंत, आता शेवट सांगा.

नीलपंख

काल झालं!! लेकीने बाईंना गाठून कॅलेच्या पत्त्यांची गोष्ट सांगितली. बाईंना आवडली. मूळ संहितेत तिचं एकच वाक्य होतं, "राजाला मी आवडले नाही", आणि बाहेर जायचं. ते बदललं. ती म्हणाली, "राजाला मी आवडले नाही. मलाही तो फारसा आवडला नाही," आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात पत्ते पिसत बसली. हशा पिकला. शेवटी मुंडकं उडालेल्या दोघी, हाकललेली, बाळंतपणात गेलेली, सगळ्या आडव्या. तिने कॅथरीन पारला हाक मारून पानं वाटली.

खादाड_बोका

कोण जिंकलं?

नीलपंख

तिने पानं लपवली होती. वडिलांवर गेलीय.